नवी मुंबईत ‘बारोमास’ वाचताना

(दृश्य : वाशीचा कांदा-बटाटा बाजार, पहाटेची वेळ. ट्रकमधून गोणी उतरत आहेत.)

उजाडण्यापूर्वीच वाशीच्या या बाजारात नाशिक आणि पुणे जिल्ह्यांतून आलेले ट्रक रांगेने उभे राहतात, आणि पाठीवर गोणी घेणाऱ्या माथाडी कामगारांची धावपळ सुरू होते. त्यांच्यापैकी बरेच जण सातारा जिल्ह्याच्या डोंगराळ भागातून आलेले आहेत. गावाकडे त्यांची थोडीफार शेती आहे आणि पोट मात्र या बाजारावर आहे. याच गाळ्यांमध्ये काम करणाऱ्या एका माथाडी वाचकाने जेवणाच्या सुट्टीत, गोणींना टेकून, तीन आठवड्यांत ‘बारोमास’ वाचून संपवली. नवी मुंबईत ही कादंबरी वाचणाऱ्या ज्या माणसांना आम्ही कॅमेऱ्यासमोर बोलते केले, त्यांतला तो एक.

सदानंद देशमुख यांची ही कादंबरी २००२ साली प्रसिद्ध झाली आणि २००४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. विदर्भातील एका कोरडवाहू शेतकरी कुटुंबाची ही कथा आहे. एकनाथ उच्चशिक्षित आहे, पण नोकरी मिळवण्यासाठी जो पैसा मोजावा लागतो तो घरात नाही. ज्या शेतीवर तो पैसा उभा राहावा ती शेती वर्षागणिक घरालाच खात चालली आहे. वडील सुभानराव, आई शेवंतामाय, धाकटा भाऊ मधू आणि नोकरदाराच्या संसाराची आस धरून आलेली पत्नी अलका ही सारी माणसे एकमेकांवर चिडतात, कारण ज्याच्यावर चिडावे तो हाताशी लागत नाही. अखेर अलका माहेरी निघून जाते. वाचकाला जरा विसावा मिळावा म्हणून लेखक कुठे थांबत नाही. बारा महिने तेच, असे शीर्षकच सांगते.

इतके अंधारलेले का लिहावे, हा प्रश्न आम्हाला या शहरात वारंवार ऐकू आला. तो उथळ आहे असे मला वाटत नाही. दिवसभराच्या नोकरीनंतर आणि लोकलच्या गर्दीनंतर रात्री पुस्तक हातात घेणाऱ्या माणसाने थोडा उजेड मागितला, तर त्यात गैर काय आहे? मात्र ‘हे वाढवून सांगितले आहे’ हा आक्षेप मला मान्य होत नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पंतप्रधान पॅकेज जाहीर झाले ते जुलै २००६ मध्ये, आणि त्या सहांत लेखकाचा बुलढाणा जिल्हाही होता. कादंबरी त्याच्या चार वर्षे आधीची आहे. शिवाय मराठीतील ग्रामीण कादंबरीचा आरंभ ज्या कृष्णराव भालेकरांच्या ‘बळीबा पाटील’पासून मानला जातो, तिच्यामागेही १८७७च्या दुष्काळाची सावली आहे.

(दृश्य : नेरुळ स्थानक, संध्याकाळ.)

नेरुळमध्ये जन्मलेल्या आणि महापे येथे नोकरी करणाऱ्या एका तरुणीने कादंबरी अर्ध्यावर सोडली. दुःख फार झाले म्हणून सोडली असेल, असा आमचा समज होता. तिचे म्हणणे वेगळे निघाले. घरातील प्रत्येक भांडणात अलकाचे बोलणे टोचणारे आहे हे तिला मान्य होते, पण शिकलेल्या मुलीने ज्या आयुष्याच्या भरवशावर लग्न केले ते आयुष्य मिळाले नाही, तर तिने किती काळ गप्प राहावे, असे ती विचारत होती. एकनाथचे दुःख सगळ्यांना लगेच दिसते, अलकाचे दुःख मात्र तिच्या आवाजाखाली दबून जाते, आणि वाचकही नकळत सासरच्या माणसांच्या बाजूने बसतो, अशी तिची तक्रार होती.

या मुद्द्यावर आमच्या वाचकांमध्ये खरा वाद झाला. खारघरला मुलाकडे राहणारे, मूळचे बुलढाणा जिल्ह्यातील एक निवृत्त गृहस्थ प्रथम अलकावर रागावले होते. अशा सुनेमुळे घरे मोडतात, असे ते म्हणाले. मग थोडा वेळ थांबून त्यांनी सांगितले की, त्यांच्या स्वतःच्या बहिणीनेही असेच माहेर गाठले होते, आणि तेव्हा त्यांनी तिला समजावून परत पाठवले होते. त्यापुढे ते त्या विषयावर बोलले नाहीत. आम्हीही कॅमेरा बंद केला.

मला स्वतःला वाटते की, लेखकाने अलकाला झाकलेले नाही. तिच्या तोंडी दिलेली वाक्ये इतकी नेमकी आहेत की, त्यांतून तिची बाजू उभी राहते. मात्र ती दिसण्यासाठी कादंबरी पुढे वाचावी लागते, आणि त्या तरुणीला नेमके तेच जड गेले होते.

(दृश्य : नवी मुंबईतील एक गावठाण. चारही बाजूंना उंच इमारती.)

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० साली झाली आणि ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्यात आल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या, जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांनी प्राण गमावले, आणि त्या लढ्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याची योजना आली. अशाच एका गावठाणातील आगरी समाजाच्या एका आजींना त्यांच्या नातवाने ही कादंबरी वाचून दाखवली. त्यांच्या घरची भातखाचरे गेली तेव्हा त्या नुकत्याच लग्न होऊन आल्या होत्या. बराच वेळ ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला : “जमीन आहे ना त्यांच्याकडे अजून?” नातू आहे म्हणाला, तेव्हा त्यांना एकनाथच्या घरच्यांचा हेवा वाटावा की कीव करावी हे उमगेना. ज्यांची जमीन गेली आणि ज्यांची जमीन असून नसल्यासारखी आहे, अशी दोन माणसे या प्रश्नात समोरासमोर येतात, आणि माझ्याजवळ त्याचे उत्तर नाही.

(दृश्य : पुन्हा बाजार. गोणींच्या थप्पीवर उघडे पुस्तक.)

माथाडी वाचकाने मात्र भावनेबद्दल फारसे सांगितले नाही. पिकाला लागलेला खर्च आणि हाती आलेला पैसा यांचा हिशेब जिथे जिथे येतो, तिथे त्याने पाने दुमडली होती. बाजारात माल विकला की शेतकऱ्याला हिशेबाची पट्टी मिळते. तिच्यावर वजन आणि दर असतो, आणि खाली हमाली, तोलाई, गाडीभाडे अशा कपाती असतात. शेतकरी अगोदर सर्वांत खालचा, हाती उरणारा आकडा पाहतो. “त्या कपातीत एक ओळ माझी असते,” असे तो म्हणाला. त्याची मजुरी कष्टाची आहे. तिच्यामागे १९६९चा माथाडी कायदा आणि अण्णासाहेब पाटलांनी उभी केलेली चळवळ आहे. तो हे अभिमानाने सांगतो, आणि त्याच वेळी गावी असलेल्या भावाची पट्टीही त्याने पाहिलेली आहे. कादंबरी वाचल्यानंतर शेतकरी समोर उभा असेल तर गोणी जरा जपून ठेवतो, एवढेच त्याने सांगितले. पुस्तक निराश करते का, असे विचारल्यावर त्याला प्रश्नच नीट कळला नाही. हिशेब बरोबर आहे, असे तो म्हणाला.

खारघरच्या त्या गृहस्थांनी आपल्या प्रतीत वावर, धुरा, डवरणी अशा शब्दांच्या बाजूला पेन्सिलीने अर्थ लिहून ठेवले आहेत, कारण त्यांची सून मुंबईत वाढलेली आहे आणि तिलाही हे वाचायचे होते. अलका घर सोडते त्या पानावर अर्थ सांगावा असा एकही शब्द नाही, तरीही समासात पेन्सिलीची एक उभी रेघ आहे. सुनेचे वाचून झाल्यावर ती प्रत आम्ही मागून घेतली आणि नेरुळच्या तरुणीला दिली. तिने सर्वांत आधी तेच पान उघडले.