हरिणीवर रोखलेली बंदूक

(निसर्ग अभ्यास मंडळात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

महाशिवरात्रीची व्याधाची गोष्ट तुम्ही सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असणार. बेलाच्या झाडावर बसलेला उपाशी व्याध, खाली पाणवठा, आणि त्याच्या हातून नकळत खालच्या पिंडीवर पडणारी पानं. पहिली हरिणी येते. तो धनुष्य ओढतो. ती म्हणते, मी गाभण आहे, विऊन परत येते, तोवर सोड. माझी आजी इथं थांबायची आणि आम्हाला विचारायची, "मग त्यानं काय करावं?" आम्ही सगळी पोरं एका सुरात ओरडायचो, "सोडावं!"

आज मला त्याच प्रश्नावर बोलायचंय. शिकार मुळात असावी की नसावी, हा वाद मी आज बाजूला ठेवते. जगात अनेक ठिकाणी ती कायद्यानं चालते. तिथं मादीवर गोळी झाडली तर प्राणी टिकतात की संपतात, एवढंच विचारायचंय.

"सोडावं" हे उत्तर आपल्या कायद्यातही उतरलं होतं. १९१२ च्या ब्रिटिश काळातल्या वन्य पक्षी आणि प्राणी संरक्षण कायद्यात माद्या आणि पिल्लं यांच्यासाठी वेगळा बंदीकाळ जाहीर करायची सोय होती. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा परवान्यानं शिकार चालायची, पण मादी, पिल्लू आणि मखमली शिंगांचा (म्हणजे शिंगं अजून वाढत असलेला) नर यांना खास परवानगीशिवाय हात लावता येत नव्हता. १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची शिकारच थांबली, त्यामुळे ते कलमही गेलं.

यामागे नुसती दया नव्हती, हे मला आवर्जून सांगायचंय. त्यात पक्का हिशेब होता. समजा, एका रानात शंभर नर आणि शंभर माद्या आहेत. ऐंशी नर मारले तरी उरलेले वीस नर शंभर माद्यांना पुरतात आणि पुढच्या वर्षीची पाडसं जवळजवळ तेवढीच होतात. ऐंशी माद्या मारल्या तर वीणच पाचव्या हिश्शावर येते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बाजारात मांस आणि कातडी विकण्यासाठी पांढऱ्या शेपटीच्या हरणांची बेसुमार कत्तल झाली. कित्येक राज्यांत हरीण दिसणं बंद झालं. मग एकेका राज्यानं फक्त शिंगवाला नर मारायचा कायदा केला. पेनसिल्व्हेनियानं १९०७ मध्ये, विस्कॉन्सिननं १९१५ मध्ये. हरणं परत आली. त्याचं श्रेय या कायद्याला द्यायलाच हवं. कळप मोडलेला असतो तेव्हा मादी राखणं हाच उपाय असतो, आणि तो लागू पडतो.

अडचण झाली ती कळप भरल्यानंतर.

मिशिगनमधला जॉर्ज रिझर्व्ह हा कुंपण घातलेला सुमारे साडेचारशे हेक्टरचा तुकडा. १९२८ मध्ये तिथं सहा हरणं सोडली, दोन नर आणि चार माद्या. सहाव्या वर्षी हाका घालून मोजणी केली तेव्हा १६० हरणं भरली. तिथं पुढं पुन्हा हेच घडलं. १९७५ मध्ये कळप दहावर आणून ठेवला होता, १९८० मध्ये तो दोनशेच्या वर गेला. पोटभर खायला असेल तर या जातीच्या मादीला जुळी होणं ही नेहमीची गोष्ट आहे. चारा उत्तम असला तर त्याच वर्षी जन्मलेली मादीसुद्धा पहिल्याच हिवाळ्यात गाभण राहू शकते. आता असा कळप डोळ्यांसमोर आणा आणि त्यातले फक्त नर मारत राहा. वीण कुठं थांबणार?

ॲरिझोनात कायबाब नावाचं पठार आहे. १९०६ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ते राखीव केलं, हरणांची शिकार बंद झाली, आणि सरकारी शिकाऱ्यांनी शेकडो पहाडी सिंह आणि हजारो कोयोटे (लांडग्यासारखा, पण त्याहून लहान प्राणी) मारले. १९२४ पर्यंत पठार हरणांनी इतकं भरलं की पुढच्या दोन हिवाळ्यांत ती भुकेनं हजारोंनी मेली. किती होती, यावर तेव्हाही एकमत नव्हतं. कोणी तीस हजार म्हणे, कोणी एक लाख. पुढं १९७० मध्ये पर्यावरणशास्त्रज्ञ ग्रॅम कॉली यांनी या आकड्यांवरच बोट ठेवलं आणि ते योग्यच होतं. पण झाडं खोटं बोलत नाहीत. त्या पठारावरच्या ॲस्पेन झाडांची वर्षवलयं पुढं मोजली गेली, तेव्हा त्या वर्षांत रुजून वाढलेली झाडं फारच थोडी सापडली. कोवळा कोंब वर यायच्या आत खाल्ला जात होता. १९२४ च्या डिसेंबरमध्ये घोडेस्वार आणि नवाहो या तिथल्या आदिवासी जमातीची माणसं घंटा वाजवत हजारो हरणांना हाकून नदीपलीकडे न्यायला निघाली होती. एकही हरीण पलीकडे गेलं नाही.

मला तुम्हाला जास्त वेळ विस्कॉन्सिनमध्ये थांबवायचंय, कारण तिथं प्रश्न थेट हरिणीचाच होता.

१९४० च्या सुमारास त्या राज्याच्या उत्तरेकडे हरणं इतकी वाढली होती की बर्फ पडला की ती सीडारच्या दलदलीत दाटीवाटीनं उभी राहायची. तिथं झाडांना एक रेष पडलेली दिसायची. माणसाच्या छातीएवढ्या उंचीपर्यंत एक हिरवं पान नाही, आणि त्याच्या वर मात्र हिरवं गार. हरणाची मान जिथपर्यंत पोहोचते, ती ती रेष. आता विचार करा, त्या रेषेखाली सगळ्यात आधी कोण मरतं? पाडसं. मोठ्या नराचं तोंड पोहोचतं, मागच्या पायांवर उभी राहिली तर आईचंही पोहोचतं. पाडसाचं नाही. आपण हरिणीला सोडली ती पाडसासाठी. इथं हरिणी सोडत राहिल्यामुळे पाडसं आईच्या पायाशी उपाशी मरत होती. हा तपशील मी पहिल्यांदा वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही.

अल्डो लिओपोल्ड हे त्या काळचे वन्यजीव व्यवस्थापनाचे प्राध्यापक. तरुणपणी नैऋत्येकडच्या रानात वनखात्यात असताना त्यांनीही लांडगे मारले होते, आणि लांडगा गेला की डोंगर कसा उघडा पडतो हे पाहिलं होतं. त्यांनी सांगितलं, माद्या मारा, याच वर्षी मारा, नाहीतर रान संपेल. १९४३ मध्ये राज्यानं दोन टप्प्यांत शिकार ठेवली. पहिले चार दिवस नर, मधे थोडी विश्रांती, मग चार दिवस बिनशिंगाची हरणं, म्हणजे माद्या आणि पाडसं. एकूण सव्वा लाखाच्या वर हरणं पडली. लोक पेटून उठले. त्या हंगामाला "त्रेचाळीसचा गुन्हा" हे नाव पडलं. लिओपोल्डांच्या विरोधात खास वृत्तपत्र चालवलं गेलं. पुढच्याच वर्षी माद्यांची शिकार बंद झाली आणि ती लिओपोल्ड हयात असेपर्यंत बंदच राहिली. ते १९४८ मध्ये गेले. १९४९ मध्ये राज्यानं माद्यांची शिकार पुन्हा उघडली.

त्या संतापलेल्या लोकांना मी मूर्ख म्हणणार नाही. त्यांच्या बापांनी हरणं नसलेलं रान पाहिलं होतं. मादी राखली म्हणून हरणं परत आली, हे त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं सत्य होतं. एका पिढीला वाचवणारा नियम दुसऱ्या पिढीला मारतो, हे त्यांच्यातल्या बहुतेकांनी रेषेखाली उभं राहून पाहिलं नव्हतं.

आता स्कॉटलंड. पश्चिम किनाऱ्यावर रम नावाचं बेट आहे. १९५७ पासून ते निसर्गसंवर्धनाच्या सरकारी संस्थेकडे आहे. तिथल्या लाल हरणांचा अभ्यास प्राणिशास्त्रज्ञ टिम क्लटन-ब्रॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशकं केला, एकेक जनावर चेहऱ्यानं ओळखून. बेटाच्या उत्तर भागात सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला शिकार पूर्ण थांबवली. माद्या वाढत गेल्या. नर मात्र कमी होत गेले! एकही नर मारला जात नसताना. दाटी झाली की पहिल्या हिवाळ्यात नर पाडसं जास्त मरतात, कारण त्यांना वाढायला जास्त खायला लागतं. जे तरुण नर जगतात, ते भाग सोडून निघून जातात. २००२ मध्ये या मंडळींनी हिशेब मांडला. शिंगवाल्या नराच्या शिकारीसाठी पैसे घेणारे जमीनमालक जास्त नर मिळावेत म्हणून माद्या राखून ठेवतात, आणि त्यामुळेच त्यांच्याकडे नर कमी तयार होतात. माद्या कमी केल्या असत्या तर नर वाढले असते.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग ठरलं, माद्या मारा. थांबा. त्याच रमच्या नोंदींतून दुसरी गोष्ट निघाली. आई गेली की मागे राहिलेलं पाडस, दूध तुटल्यानंतरसुद्धा, मरण्याची शक्यता वाढते. नर पाडसाच्या बाबतीत तर हा परिणाम दोन वर्षांच्या पुढेही दिसतो. स्कॉटलंडमध्ये माद्यांची शिकार ऑक्टोबरच्या उत्तरार्धातच सुरू होते, तोवर पाडस चार-पाच महिन्यांचं झालेलं असतं. आणि जाणकार शिकाऱ्यांना शिकवलं जातं की मादीच्या पायाशी पाडस असेल तर तेही मारायचं, शक्यतो आधी. ऐकायला क्रूर वाटतं. मला ते जबाबदारीचं वाटतं. ज्याला ते करवत नाही, त्यानं त्या मादीवर बंदूक रोखू नये.

आणि हा सगळा हिशेब भराभर वाढणाऱ्या, मोजलेल्या कळपांचा आहे. अस्वलीण काही वर्षांतून एकदा विते. स्वीडनमध्ये पिल्लं बरोबर असलेली अस्वलीण मारायला बंदी आहे. तिथं असं दिसून आलं की काही अस्वलिणी पिल्लांना एक वर्ष जास्त जवळ ठेवू लागल्या. पिल्लं बरोबर असेपर्यंत तिच्यावर गोळी सुटत नाही, त्यामुळे अशा अस्वलिणी जास्त जगतात आणि त्यांचं प्रमाण वाढतं. मंद विणीच्या प्राण्यात थोड्या माद्या गेल्या तरी खड्डा भरायला पिढी जाते.

केवळ नर मारणं निर्धोक, हाही भ्रम आहे. मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशात सायगा नावाचा हरणासारखा प्राणी आहे. शिंगं फक्त नराला, आणि शिंगांना औषधाच्या बाजारात भाव. सोव्हिएत संघ कोसळल्यावर चोरट्या शिकाऱ्यांनी नर वेचून मारले. एका कळपात शंभराच्या वर माद्यांमागे एक नर उरल्याचं २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदवलंय. तिथं बहुतेक तरुण माद्या गाभणच राहिल्या नाहीत. वर मी वीस नर पुरतात असं म्हटलं. वीस पुरतात, एक पुरत नाही.

आता आपल्याकडे. विदर्भात रोहीनं उभं पीक लोळवलं की शेतकऱ्याचं काय होतं, ते इथल्या अनेकांनी अंगावर काढलंय. उत्तरेत त्याला नीलगाय म्हणतात आणि नावातल्या गायीमुळे गोळी झाडायला हात धजत नाही. आपल्याकडे नाव रोही, पण प्रश्न तोच. पिकाचं नुकसान करणाऱ्या काही प्राण्यांना मारायची परवानगी कायद्यात आहे. बिहारमध्ये २०१६ च्या जूनमध्ये मोकामा भागात बाहेरून आणलेल्या नेमबाजांनी दोनशेहून जास्त नीलगायी मारल्या, आणि देशभर वाद पेटला. त्या वादात दोन्ही बाजू मारावं की मारू नये एवढंच बोलत राहिल्या. कोणता प्राणी, नर की मादी, किती उरतील, हे बोलणं मला फारसं ऐकू आलं नाही.

मागच्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात एका गावात मी बोलायला गेले होते. कार्यक्रम झाल्यावर एक वयस्क शेतकरी जवळ आले. जागल करून करून डोळे लाल झालेले. म्हणाले, "बाई, सरळ सांगा. परवानगी मिळाली तर नर मारू का मादी?" मी त्यांना सांगितलं ते असं. काळसर निळा, उंच, एकटा उभा असलेला नर लांबूनही ठळक दिसतो, म्हणून गोळी त्यालाच लागते. पण बदामी रंगाच्या माद्यांचा कळप तसाच राहतो आणि त्यातल्या कितीतरी जुळी देतात. त्यामुळे दहा नर पाडूनही पुढच्या हंगामात तुमच्या हरभऱ्यात तेवढीच जनावरं असतील. कळप खरंच कमी करायचा तर माद्या मारायला लागतील. पण त्याआधी आसपासच्या पाच-सहा गावांनी मिळून मोजणी करायला हवी, आणि ती दरवर्षी.

त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "अन् गाभण असल तर?"

स्कॉटलंडच्या शिकाऱ्याला मी ऑक्टोबरची तारीख सांगू शकले असते. रोहीची वीण काही महिन्यांत जास्त असते, पण ती वर्षभर चालते. पोटात पाडस नाही आणि मागे दूध पिणारं पाडस नाही, असा खात्रीचा महिना मला त्यांना देता आला नाही. मी तसं सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग आधी मोजू." कुंपणासाठी अर्ज कुठं करायचा ते त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं, आणि आम्ही दोघं बसथांब्यापर्यंत चालत गेलो.