पडद्याआडची रेकॉर्ड

श्रोतेहो, नमस्कार. जुनी तबकडी, सीडी आणि हल्लीचं हाय-रेझोल्यूशन ऑडिओ, म्हणजे सीडीहूनही बारकाईनं नोंदलेला आवाज, यांत कानाला गोड कोणतं? हा प्रश्न मी रेडिओवरून घेतोय हीसुद्धा गंमतच. मीडियम वेव्हवर तार स्वरांतले बारकावे तुमच्या घरापर्यंत पोचतच नाहीत. त्यामुळे नमुना ऐकवत नाही, अमळनेरची एक गोष्ट सांगतो.

ओळखीतले एक नाना. उभी हयात लग्नात लाऊडस्पीकर लावण्यात गेली. भोंगे, अ‍ॅम्प्लिफायर आणि रेकॉर्डींची लोखंडी पेटी बैलगाडीत टाकून गावोगाव जायचे. तेव्हा वरातीत गाण्याचे शब्द कळायचे हो! आता डीजेपुढे छाती हादरते आणि गाणं कोणतं ते नवरदेवालाही कळत नाही. असो.

नानांचा पुतण्या पुण्यात नोकरीला. दिवाळीला येताना त्यानं हाय-रेझोल्यूशनचा प्लेयर आणला आणि काका-पुतण्यांची जुंपली. नाना म्हणाले, "रेकाडमा जीव शे." पुतण्या म्हणाला, "मग पडदा लावून ओळखा." ओसरीवर चादर बांधली. अ‍ॅम्प्लिफायर एक, स्पीकरची जोडी एक, नाट्यगीत एक. पहिल्या फेरीत सगळ्यांनी हाय-रेझोल्यूशनलाच कौल दिला. पण मोबाईलवर मोजलं तर त्याचाच आवाज मोठा निघाला! श्रोतेहो, हे ध्यानात ठेवा. जरा मोठं वाजलं की कानाला तेच चांगलं वाटतं. तुलना करायची तर आधी आवाज सारखा करा.

आवाज सारखा केला. पुतण्यानं त्याच फाइलवरून सीडी काढली होती, ती आणि मूळ फाइल आलटून पालटून लावली. नाना, शेजारचे मास्तर, मी, कुणालाच छातीठोक सांगता येईना. मग खरखर सुरू झाली, मधेच कट् आवाज आला आणि नाना ताठ बसले. "हाई रेकाडच शे! मना कान अजून शाबूत शेतस."

चादर बाजूला झाली. फिरकी थांबलेली, सुई स्टँडवर. वाजत होती सीडी! पुतण्यानं आदल्या रात्री नानांचीच तबकडी सीडीवर उतरवून घेतली होती, खरखरीसकट. आम्हाला वाटलं, नाना ओशाळतील. नाना उठले, पेटीजवळ गेले, रेकॉर्ड उजेडात तिरकी धरून पाहिली आणि कडाडले, "मंग रातले मनी रेकाड कोनी काढी?" फराळ होईपर्यंत पुतण्याची खैर नव्हती.

आता थोडं शास्त्र. सीडी १९८२ साली आली. तिच्यावर आवाजाची नोंद सेकंदाला ४४,१०० वेळा होते, १६ बिटमध्ये. बिट जितके जास्त, तितकी प्रत्येक नोंद बारीक. तरुण, निरोगी कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. नोंद त्याच्या दुपटीहून जास्त वेळा घेतली की ऐकू येणारं सगळं परत मिळतं. हाय-रेझोल्यूशन म्हणजे २४ बिट आणि ९६ हजार किंवा १ लाख ९२ हजार नोंदी. स्टुडिओत त्याचा उपयोग मोठा, कारण लेव्हल खाली ठेवून निर्धास्त रेकॉर्डिंग करता येतं. घरी मात्र फायदा नावापुरता. २००७ साली अमेरिकेत मेयर आणि मोरन यांनी हाय-रेझोल्यूशन आवाज सीडीच्या दर्जावर उतरवून पडद्याआड ऐकवला, लोकांना फरक ओळखता आला नाही. नंतर बऱ्याच चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा थोडा फरक दिसला, तोही सराव दिलेल्या कानांना जास्त.

मग तबकडी वेगळी का वाटते? तिच्यात खर्ज कमी करून कोरतात आणि वाजवताना प्लेयर तो पुन्हा वाढवतो. सुई मध्याकडे सरकते तशी खाचेची धाव मंदावते, म्हणून शेवटच्या गाण्यात तार स्वर फाटतात. शिवाय सीडीसाठी पुष्कळ जुनी गाणी नव्यानं मास्टर करताना, म्हणजे बाजारात आणण्याआधी आवाजावर शेवटचा हात फिरवताना, आवाज दाबून सपाट, मोठा केला. तिथे दोष सीडीचा नाही, मास्टर करणाऱ्याचा. पुन्हा सांगतो, गाणं कुणी आणि कसं मास्टर केलं ते आधी पाहा, तबकडी की सीडी हे नंतर. आणि पैसे असतील तर स्पीकरवर घाला. महागड्या वायरी विकणाऱ्यांना मी तरी दारात उभं करत नाही.

ज्यांच्याकडे जुन्या रेकॉर्डी आहेत त्यांना एकच सांगणं. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. पत्र्याखालच्या माळ्यावर आडव्या रचलेल्या रेकॉर्डी पापडासारख्या वाकतात आणि मग सुई दर फेरीला उडी मारते. त्या उभ्या ठेवा, खालच्या खोलीत, भिंतीला पलीकडून ऊन लागत नाही अशा जागी. आणि काढण्याआधी घरातल्या नानांना विचारा. नमस्कार.