पाठीवरची गाठ आणि पुढची वर्षं

[दृश्य: नागपूर, मेडिकल चौक. सकाळची गर्दी.]

नागपूरकर ज्याला नुसतं 'मेडिकल' म्हणतात, ते शासकीय रुग्णालय. गडचिरोली, गोंदियापासून बालाघाट, छिंदवाड्यापर्यंतची माणसं इथं येतात. १०८च्या गाडीतून कधीकधी एखादं दिवसाचं बाळ येतं, आजीच्या मांडीवर पालथं. त्याला पालथंच आणायचं असतं. कमरेच्या वर गाठ, गाठीवर पातळ पापुद्रा, आत उघडा पडलेला मज्जारज्जू. वरून सलाइनमध्ये भिजवलेलं गॉज. ते वाटेत कोरडं पडू द्यायचं नाही, आणि हळद, तेल, राख यातलं काहीही लावायचं नाही.

[दृश्य: रेखाचित्र.]

हे घडतं गर्भ राहिल्यावर पहिल्या चार आठवड्यांत. पेशींचा एक सपाट पट्टा दोन्ही कडांनी उचलला जातो आणि करंजीसारखा मिटून नळी होते. तिचाच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू बनतो. ही न्यूरल ट्यूब २८व्या दिवसापर्यंत मिटलेली असते. डोक्याकडचं टोक उघडं राहिलं तर मेंदू आणि कवटी नीट घडतच नाहीत, असं बाळ जगत नाही. पाठीत फट राहिली तर तो स्पायना बायफिडा. त्या २८व्या दिवशी पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. कित्येकींना तोवर पत्ताही नसतो.

[दृश्य: ऑपरेशन थिएटरचं दार.]

गाठीचं ऑपरेशन शक्यतो जन्मानंतर दोन-तीन दिवसांत होतं. जंतुसंसर्ग टळावा आणि उरलेल्या नसा वाचाव्यात, एवढ्यासाठी. गेलेली ताकद त्यानं परत येत नाही, आणि हे आईवडिलांना आधीच स्पष्ट सांगायला हवं. बऱ्याच बाळांच्या डोक्यात पाणी साठतं. टाळू फुगते, डोक्याचा घेर टेपवर भराभर वाढताना दिसतो. मग मेंदूतून पोटापर्यंत शंटची नळी बसवतात. पाऊल वाकडं असेल तर प्लास्टर, मग कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा पट्ट्यांचा सांगाडा.

एवढं झालं की घरच्यांना वाटतं, सुटलो. खरं लांबचं काम इथून पुढे, आणि ते लघवीचं.

[दृश्य: घर. मोरीजवळ बसलेला शाळकरी मुलगा, बाजूला आई.]

मूत्राशयाच्या नसा दुबळ्या असल्या की लघवी पूर्ण उतरत नाही. दाब वाढतो, लघवी उलटी किडनीकडे चढते. पायांची काळजी सगळे करतात. किडनी मात्र आतल्या आत खराब होत राहते. उपाय साधा आहे. दर तीन-चार तासांनी बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, घालून मूत्राशय रिकामं करायचं. अमेरिकेतले डॉ. जॅक लॅपिडीस यांनी १९७२ मध्ये दाखवून दिलं, की यासाठी सगळं निर्जंतुक असायची गरज नाही, साबणानं धुतलेले स्वच्छ हात पुरतात. आई आधी हे स्वतः करते, मग मुलाला शिकवते. हा मुलगा आता नळीला जेली स्वतः लावतो, आणि आईनं बघितलेलं त्याला आवडत नाही. शाळेत मधल्या सुट्टीत कडी लागणारं बाथरूम मिळालं, की त्याचं काम भागतं. ते मिळवायला मात्र आईला मुख्याध्यापकांकडे खेटे घालावे लागले.

[दृश्य: अंगणात बसलेल्या बायका.]

"ग्रहणात विळीवर भाजी चिरली ना हिनं!" घरोघरी हेच. ग्रहणाचा याच्याशी काडीचा संबंध नाही. फोलेट या 'ब' जीवनसत्त्वाची कमतरता, आनुवंशिकता, आधीपासूनचा आटोक्यात नसलेला मधुमेह, फिटची काही औषधं, अशी कारणं मिळून येतात. कित्येकदा एक असं कारण सापडतही नाही.

सापडलाय तो बचाव. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च काउन्सिलनं १९९१ मध्ये निष्कर्ष मांडले: आधी असं बाळ झालेल्या बायकांना गर्भ राहण्याआधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फोलिक ॲसिड, म्हणजे फोलेटचंच गोळीतलं रूप, दिल्यावर, पुन्हा तसं बाळ होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. हा मोठा डोस त्यांच्यासाठी, तोही डॉक्टरांच्या सल्ल्यानं. बाकी बहुतेकींना रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतं.

घोळ होतो तो वेळेचा. आशाताई देतात ती लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासूनची, रक्त वाढावं म्हणून. तिच्यातही फोलिक ॲसिड असतं, पण न्यूरल ट्यूब मिटण्याचं काम तोवर कधीच संपलेलं असतं. म्हणून मूल हवं असं ठरलं, की निदान महिनाभर आधी फोलिक ॲसिड सुरू करायचं. धोका वाढवणाऱ्या फिटच्या औषधांपैकी व्हॅलप्रोएट चालू असेल, तर ते मनानं बंद न करता आधी डॉक्टरांना गाठायचं.