छावणीचं पाणी आणि अभियंता

नमस्कार श्रोतेहो.

पुरामुळे किंवा युद्धामुळे दहा हजार माणसं एका छावणीत आली, की तिथल्या पाणी-स्वच्छता अभियंत्याचं काम गुणाकारानं सुरू होतं. जगभरच्या मदतकार्यात 'स्फिअर' या मदतसंस्थांच्या सामायिक उपक्रमाचे किमान निकष पाळतात. त्यानुसार माणशी रोज 15 लिटर, म्हणजे दीड लाख लिटर पाणी. एका नळावर फार तर 250 माणसं, म्हणजे 40 नळ. नळाची धार मिनिटाला साडेसात लिटर असली, तरी या 250 जणांचं पाणी भरायला आठ तासांहून जास्त वेळ लागतो. धार निम्म्यावर आली तर अख्खा दिवस रांगेतच जाईल. म्हणून नुसते नळ मोजू नका. बादली आणि घड्याळ घेऊन धार मोजा.

सगळ्यात जास्त लक्ष लागतं ते क्लोरीनला. ठरावीक डोस डोळे झाकून टाकायचा नसतो. 70 टक्के क्लोरीनची पावडर 15 ग्रॅम घ्या आणि प्लास्टिकच्या भांड्यात लिटरभर पाण्यात टाका. पावडरीवर पाणी मात्र कधीही ओतू नका. हे झालं एक टक्क्याचं द्रावण. आता 20 लिटरच्या चार बादल्यांत ते अनुक्रमे 2, 4, 6 आणि 8 मिलिलिटर घाला. अर्ध्या तासानं ज्या बादलीत लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहील, तिचं प्रमाण धरा. ती 4 मिलिलिटरची निघाली, तर 70 हजार लिटरच्या टाकीला 14 लिटर द्रावण लागेल. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटीनं गाळ बसवा, नाहीतर गाळच क्लोरीन खातो. डबा उघडा राहिला की पावडरीचा जोर ओसरतो. आणि नळावर ठीक असलेलं क्लोरीन तंबूतल्या मळक्या कॅनमध्ये पार नाहीसं होतं, म्हणून तपासणी तंबूतही हवी.

संडास सुरुवातीला 50 माणसांमागे एक, पुढे 20 माणसांमागे एक. खड्ड्याचा तळ भूजलापेक्षा निदान दीड मीटर वर आणि विहिरीपासून अंतर 30 मीटर. एवढं सांभाळूनही संडास ओस पडतात. आतून कडी नसते, वाटेवर उजेड नसतो, मग बायका रात्री तिकडे फिरकत नाहीत. खड्डा खणण्याआधी जागा त्यांना विचारा. उपसा करणारी गाडी तिथवर पोचेल ना, हेही तेव्हाच बघा.

पदवी घेऊन थेट या कामात उडी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी दोन-तीन वर्षं नेहमीच्या पाणीपुरवठ्यात काढा. पंपाचा हेड, म्हणजे त्याला पाणी किती उंच चढवावं लागेल ते, काढणं, पाइप जोडणं, जनरेटर चालवणं तिथे हाताखालून जातं. त्यानंतर प्रशिक्षण घ्या. रेडआर ही संस्था 1980 पासून त्यासाठीच काम करते आहे. सुरुवातीच्या नेमणुका बहुधा काही महिन्यांच्याच असतात. टँकर बंद होऊन बोअरवेल सुरू झाली, की व्हॉल्व्ह सांभाळणारी माणसं छावणीतूनच नेमा, त्यांना मजुरी द्या. पंपही असा निवडा, ज्याचे सुटे भाग जवळच्या बाजारात मिळतात. क्लोरीनची नोंदवही त्यांच्याच भाषेत ठेवा, कारण तुमच्यानंतर ती भरायची आहे त्यांनाच.