उभ्या ट्रेलरचं ब्रेक ऑईल

जून लागला की कारच्या मागं ओढायचा, आत राहायची सोय असलेला ट्रेलर शेडखाली उभा राहतो तो थेट दिवाळीलाच बाहेर निघतो. मधल्या महिन्यांत चाक फिरलेलं नसतं, किलोमीटर वाढलेले नसतात, त्यामुळं मालकाला वाटतं काही झिजलंच नाही तर खर्च कशाला करायचा. टायरची हवा बघतात, बॅटरी चार्ज करतात, आतल्या गाद्या उन्हात टाकतात अन् निघाले वेरूळला नाहीतर म्हैसमाळला. ब्रेक ऑईलची आठवण कुणालाच होत नाही. आणि नेमकं तेच उभ्या गाडीत खराब होत असतं.

आपल्याकडं कारच्या मागं ओढायचे ट्रेलर तसे कमीच. महाराष्ट्राचं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आलंय २०२१ मध्ये. अमेरिकेत मात्र ही पद्धत जुनी, तिथं बहुतेक ट्रॅव्हल ट्रेलरला इलेक्ट्रिक ड्रम ब्रेक असतात, अन् ज्याला डिस्क हवी तो हायड्रोलिककडं, म्हणजे ऑईलच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेककडं वळतो. हुकाच्या मागं, पुढच्या चासीवर एक पंप बसवतात, ड्रायव्हरनं कारचा ब्रेक दाबला की वायरीतून सिग्नल येतो, पंप प्रेशर बनवतो, साधारण १६०० पीएसआय (दाबाचं माप), अन् लांबलचक पाईपातून ते पार मागच्या कॅलिपरपर्यंत, म्हणजे चाकाच्या डिस्कला पॅडनं आवळणाऱ्या भागापर्यंत जातं. ड्रमवाल्याला हजाराच्या आसपास पुरतं.

आता या पाईपात जे भरलंय ते ग्लायकॉलच्या जातीचं, ते हवेतलं पाणी ओढतं. झाकणाच्या बारीक छिद्रातून, रबरी होजमधून, हळूहळू, रोज. पाऊस चालू असला, हवा दमट असली की जास्तच. डबीवर छापलेले आकडे बघा, डॉट म्हणजे ब्रेक ऑईलचा दर्जा, डॉट ३ नवं असताना किमान २०५ अंशाला उकळतं, पण त्यात ३.७ टक्के पाणी गेलं की किमान १४० वर येतं. डॉट ४ चं २३० वरून १५५. म्हणजे पाणी मुरल्यावर पासष्ट-पंचाहत्तर अंशांचा फरक पडायलाय, अन् बाहेरून बघितलं तर काहीच कळत नाही. काळं पडलं म्हणजेच खराब असंही नाही, पिवळसर दिसणाऱ्यातही पाणी असू शकतं.

कन्नडच्या पुढं औट्रम घाट उतरताना काय होतं ते सांगतो. मागं दीड-दोन टनाचं वजन, एकामागं एक वळणं, ब्रेक सारखा लागायला, डिस्क तापते. डिस्क ब्रेकमध्ये पिस्टन थेट पॅडच्या पाठीला टेकलेला असतो, त्यामुळं पॅडची गरमी सरळ ऑईलमध्ये जाते. पाणी मुरलेलं ऑईल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते अन् पंपाचं सगळं प्रेशर तिथंच जिरतं. कारमध्ये असं झालं तर पेडल पायाखाली मऊ लागतं, माणूस सावध होतो. ट्रेलरमध्ये ही सोयच नाही हो! ट्रेलरची लाईन वेगळी, कारचं पेडल ठणठणीत कडक, अन् मागून ट्रेलर ढकलायला लागतो तेव्हाच ड्रायव्हरला कळतं, तोवर घाटाचं अर्धं वळण संपलेलं असतं. मला विचाराल तर या सगळ्या विषयातली सगळ्यात धोक्याची गोष्ट हीच आहे.

कोणतं टाकायचं? आधी पंपाच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचा, बहुतेकांवर डॉट ३ किंवा डॉट ४ असतं. दोन्ही चालत असतील तर घाटात जाणाऱ्यांनी डॉट ४ घ्यावं. डॉट ५.१ सुद्धा ग्लायकॉलचंच, पण कंपनीनं परवानगी दिली असेल तरच. डॉट ५ मात्र पूर्ण वेगळं, ते सिलिकॉन, बहुतेक वेळा जांभळं, नावात फक्त एक पॉईंट कमी म्हणून लोक फसतात. ते पाणी ओढत नाही हे खरं, पण आत गेलेलं पाणी वेगळं राहून खाली साचतं, तिथं गंज लागतो, अन् ग्लायकॉलवाल्या सिस्टीममध्ये ते मिसळायचं नाही म्हणजे नाही. इंजिन ऑईल, गिअर ऑईल, स्टेअरिंगचं ऑईल यातला एक थेंबही नको, आतली रबरं फुगतात अन् मग पंपापासून कॅलिपरपर्यंत सगळं बदलावं लागतं.

बरं, बरेच जण करतात काय, तर वरून थोडं ओततात अन् झालं म्हणतात. त्यानं काही होत नाही, कारण हे ऑईल फिरत नाही, कॅलिपरमधलं जुनं तिथंच बसून राहतं. लेव्हल खाली गेली असेल तर आधी पॅड बघा, पॅड झिजले की पिस्टन पुढं येतो अन् लेव्हल आपोआप उतरते. पॅड ठीक असतील तर गळती शोधा.

दर दोन वर्षांनी पूर्ण ऑईल बदला, गाडी चालो न चालो. पावसाळा संपल्यावर, सीझनच्या आधी केलेलं बरं. सीलबंद नवी डबी घ्या, वर्षभर उघडी ठेवलेली नको. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची, निपलला, म्हणजे कॅलिपरवरच्या ऑईल काढायच्या छोट्या स्क्रूला, पारदर्शक नळी लावायची, एकानं पंप चालू ठेवायचा अन् दुसऱ्यानं पाना फिरवायचा, वरची टाकी मात्र रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर परत हवा घुसली अन् पहिल्यापासून सगळं. अजून एक, निपल कॅलिपरच्या वरच्या बाजूला आहे का बघा. कॅलिपर उलट्या बाजूला बसवलेला असेल तर निपल खाली येतो, अन् कितीही ऑईल काढलं तरी हवा वरच अडकून राहते.

सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, रंग जातो. निघालेलं ऑईल परत वापरू नका, विहिरीच्या बाजूला किंवा नाल्यात ओतू नका, बंद डब्यात भरून गॅरेजवाल्याकडं द्या.

मग मोकळ्या मैदानात हळू वेगात, कारचा ब्रेक न लावता, फक्त ट्रेलरच्या ब्रेकला सिग्नल देणाऱ्या कंट्रोलरचं बटण दाबून गाडी थांबवून बघा. असं काही वेळा केल्यावर खाली उतरून प्रत्येक चाकाजवळ हात न्या, डिस्कला लावू नका. एखादं चाक गार असेल तर तिथं हवा राहिलीय नाहीतर कॅलिपर जाम आहे, त्या चाकाचा निपल परत उघडा.