सापाचा सख्खा कोण?

(दृश्य: सातारा जिल्हा, चाळकेवाडीचं पठार. ऐन उन्हाळा. मागे पवनचक्क्या.)

त्या दगडाच्या टोकावर बघा. शेपटीसकट वीतभर लांबीचा सरडा, मान ताणून बसलाय. थांबा... उघडला! निळा, काळा, शेंदरी. गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उघडते, मिटते, पुन्हा उघडते. हे सगळं मादीसाठी.

२०१६ साली या पंखागळ्या सरड्यांचा डीएनए तपासला गेला, आणि यांची प्रजातीच, म्हणजे जवळच्या जातींचा गटच (जीनस), वेगळी निघाली. शास्त्रज्ञांनी तिला नाव दिलं ‘सरडा’. आपला रोजच्या बोलण्यातला शब्द आता शास्त्रीय नाव म्हणून जगभर लिहिला जातो. मला याचं फार अप्रूप वाटतं.

आता एक प्रश्न. सरडा, पाल, घोरपड आणि सापसुरळी. यांच्यातलं सापाच्या नात्यात दूरचं कोण, जवळचं कोण?

सापसुरळीच्या तर नावातच साप आहे. गुळगुळीत, चकचकीत, पाय इवलेसे, पाचोळ्यातून सळसळत गेली की काळजात धस्स होतं. विषारी समजून लोक तिला ठेचतात. बिचारीला विष नाहीच.

शास्त्रज्ञही बराच काळ दिसण्यावरच गेले. सरडा भक्ष्य जिभेने उचलतो, साप-सरड्यांचा पुरातन नातलग, न्यूझीलंडचा तुआताराही तसाच खातो. म्हणून सरड्यांची फांदी सगळ्यात आधी फुटली असं मानलं गेलं. हाडांचा पुरावाही तेच सांगत होता. साप, पाल, सापसुरळी, घोरपड सगळे दुसऱ्या बाजूला.

२००४-०५च्या सुमारास जनुकांची अक्षरं, म्हणजे डीएनएतल्या रासायनिक घटकांचा क्रम, जुळवून पाहिली, आणि वंशावळ उलटीपालटी झाली. आधी वेगळी झाली ती भिंतीवरची पाल. मग सापसुरळीचं घराणं. आणि साप? तो सापडला घोरपड आणि सरडा यांच्या घरात. २०१३ मध्ये ४,००० हून अधिक जातींची वंशावळ मांडली गेली, तीही हेच म्हणाली. कुंपणावर माना डोलावणारा सरडा सापाला सापसुरळीपेक्षा जवळचा! दुभंगलेल्या जिभेची घोरपडसुद्धा बहुतेक जनुकीय अभ्यासांत आधी सरड्याची, मग सापाची.

मग पाय नसण्याचं काय? पाय एकदाच गेले नाहीत, अनेक घराण्यांत वेगवेगळे गेले. ओडिशात चिल्का सरोवरातल्या बरकुडा बेटावर एक सापसुरळी आहे, तिला एकही पाय नाही. तरी ती साप नाही.

सापाचे पाय कसे गेले, याचा एक धागा उंदरांत सापडला. हातपाय घडवणारं जनुक सुरू करणारा डीएनएचा एक छोटा तुकडा असतो, दिव्याच्या बटणासारखा. २०१६ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी उंदराचा तुकडा काढून तिथे अजगराचा बसवला. पिल्लांना पायांच्या जागी नुसते खुंट आले. मग सापांतून गळालेली १७ अक्षरं त्या तुकड्यात परत भरली. पाय नीट आले. फक्त १७ अक्षरं!

(दृश्य: अजगराचं पोट, अगदी जवळून.)

इथे, शेपटी सुरू होते तिथे, खवल्यांच्या कडेला दोन नख्या दिसतात? हे मागच्या पायांचे अवशेष. अंड्यातल्या पिल्लात पायाचा कोंब फुटू लागतो आणि मध्येच थांबतो. उरतं ते एवढंच. मीलनाच्या वेळी नर याच नख्यांनी मादीला कुरवाळतो.