गॅसचा नंबर लावलात का?

नमस्कार, श्रोतेहो.

आज 20 मार्च, नाटककार वसंत कानेटकरांचा जन्मदिवस. कानेटकर म्हटलं की बहुतेकांना आधी आठवतो तो रायगड. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ 1962 साली रंगमंचावर आलं आणि काशिनाथ घाणेकरांच्या संभाजीने महाराष्ट्र वेडा केला. मग ‘अश्रूंची झाली फुले’ आलं, त्यातला लाल्या आला. आज आपल्या ठाण्यात घाणेकरांच्या नावाचं नाट्यगृह उभं आहे, त्याच्या पायात कानेटकरांच्या लेखणीचेही दगड आहेत असं मी मानते.

पण आज मला रायगडावर नाही जायचं. मला बोलायचंय ते कानेटकरांच्या हसऱ्या, घरगुती नाटकांबद्दल. नवराबायको, मुलं, सुना, जावई, भाऊभाऊ यांच्या नाटकांबद्दल. ही नाटकं हलकीफुलकी म्हणून आपण बाजूला ठेवतो, आणि तिथेच आपलं चुकतं.

थोडी ओळख करून देते. जन्म सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचा. वडील म्हणजे रविकिरण मंडळातले कवी गिरीश. मुलगा इंग्रजी साहित्याचा प्राध्यापक झाला, नाशिकच्या हंसराज प्रागजी ठाकरसी कॉलेजात शिकवू लागला आणि नाशिककरच होऊन गेला. सुरुवात कादंबरीने केली. त्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांपैकी एकीचं नाव होतं ‘घर’. हे नाव लक्षात ठेवा, श्रोतेहो. घर. पहिलं नाटक 1957 सालचं, ‘वेड्याचं घर उन्हात’. त्याच्याही नावात घर! भालबा केळकरांच्या पुण्याच्या संस्थेने ते केलं, त्यात श्रीराम लागू होते. पुढे चाळीसहून अधिक नाटकं लिहिली. 1988 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या ठाण्यात भरलं, त्याचे अध्यक्ष कानेटकर होते. 1992 साली पद्मश्री मिळाली. सन 2000 च्या जानेवारीअखेरीस नाशिकला ते गेले.

झाली ओळख. आता मला जी गोष्ट सांगायची आहे ती सांगते.

साल 1983. आम्ही नुकतेच गिरगावातून वाशीला राहायला आलो होतो. आजची वाशी डोळ्यांपुढे आणू नका. तेव्हा रेल्वे नव्हती, खाडीपुलावरून बसने यायचं. सिडकोच्या नव्या कोऱ्या इमारती, मधे मोकळी मैदानं, संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर शुकशुकाट. भाजी घ्यायची तरी लांब चालावं लागे. नाटक बघायचं तर दादर गाठा, नाहीतर बसने ठाण्याला गडकरी रंगायतनला जा. रंगायतन तेव्हा पाचच वर्षांचं होतं. आज वाशीत विष्णुदास भावे नाट्यगृह आहे, ज्या भाव्यांनी 1843 साली सांगलीला ‘सीता स्वयंवर’ केलं त्यांच्या नावाचं. तेव्हा तिथे काहीच नव्हतं.

मी अकरा वर्षांची होते. आणि आमच्या घरात अबोला होता.

कारण सांगते. बाबांनी गिरगावातली खोली सोडायचा निर्णय आईला न विचारता घेतला होता. सिडकोचा ब्लॉक मिळतोय, स्वतःचं नळकनेक्शन, स्वतःचा संडास, म्हणून बाबा खूश होऊन सही करून आले आणि रात्री जेवताना सांगितलं. आईचा जन्म त्या चाळीतला, माहेर त्याच चाळीत दोन खोल्या सोडून. तिने ताट उचललं आणि ती आत गेली. त्या दिवसापासून ती बाबांशी बोलली नाही. सामान बांधलं, ट्रकमध्ये बसली, नव्या घरात दूध उतू घातलं, सगळं केलं, पण बोलणं नाही. सगळा व्यवहार माझ्यामार्फत. ‘बाबांना सांग, डबा भरलाय.’ ‘आईला विचार, इस्त्रीचे कपडे आले का.’ दोघं एकाच खोलीत असायचे हं! मी मधे उभी, एकीकडून ऐकायचं आणि दुसरीकडे सांगायचं. दोन महिने असे गेले.

त्या वर्षी आमच्या इमारतींचा पहिलाच सार्वजनिक गणपती होता. बँकेत नोकरी करणारे एक हौशी काका होते, त्यांनी ठरवलं की नाटक करायचं. नाटक कोणतं, तर कानेटकरांचं ‘प्रेमा तुझा रंग कसा’. 1961 सालचं हे नाटक. प्राध्यापक बल्लाळांच्या घरातली ही गोष्ट. मुलं प्रेमात पडतात, आईबापांची धांदल उडते, आणि ज्यांनी हे सगळं आपल्या वयात केलंय त्यांनाच ते आता मुलांच्या बाबतीत परवडत नाही. काकांनी रीतसर परवानगी काढली, काटछाट करून दीड तासाचा प्रयोग बसवायला घेतला. परवानगीवरून सांगते, हौशी मंडळांनी लेखकाची परवानगी घेतलीच पाहिजे आणि मानधनही दिलं पाहिजे. मंडपवाल्याला पैसे देतो, लाऊडस्पीकरवाल्याला देतो, मग ज्याने शब्द दिले त्याला का नाही? असो.

प्राध्यापकांचं काम बाबांना मिळालं. बायकोचं काम वरच्या मजल्यावरच्या एका मावशींना. बाबा गोदीत नोकरीला, दिवसभर हिशेबाच्या वह्यांत, त्यांना पाठांतर जमेना. मग रोज रात्री जेवणं झाली की मी पुस्तक घेऊन बसायचे आणि प्राध्यापकीणबाईंची वाक्यं म्हणायचे. बाबा फेऱ्या घालत आपली वाक्यं म्हणायचे. आणि आई? ओट्याशी पाठ करून भांडी विसळायची, दुसऱ्या दिवशीची मटकी भिजत घालायची. एक शब्द बोलायची नाही. पण एकदा मी एक ओळ गाळली, तेव्हा तिच्या हातातलं पातेलं थांबलेलं मी पाहिलं. मी मागे जाऊन ती ओळ म्हटली. पातेलं पुन्हा चालू झालं.

प्रयोगाचा दिवस उजाडला. आणि सकाळी त्या मावशींचा घसा बसला. सात दिवस सकाळ-संध्याकाळ वरच्या पट्टीत आरत्या म्हटल्या होत्या, आवाजच फुटेना. गरम पाणी, ज्येष्ठमध, हळद-दूध, सगळं झालं. चार वाजता काका आमच्या दारात येऊन कपाळाला हात लावून बसले. रात्री साडेनऊला प्रयोग. प्रत्येक घरातून सतरंज्या मागवून झालेल्या.

तेव्हा मी बोलले. म्हटलं, ‘आईला सगळं येतंय.’

बाबांनी माझ्याकडे बघितलं. काकांनी आईकडे बघितलं. आई पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, ‘तिला काय कळतंय?’ काकांनी पुस्तक उघडून प्राध्यापकांचं एक वाक्य वाचलं. लाटणं न थांबवता आईने पुढचं म्हटलं. मग त्याच्या पुढचं. मग त्या पानावरचं सगळं.

साडेनऊला ती रंगमंचावर होती. रंगमंच म्हणजे मंडपात मांडलेले लाकडी पाट, वरून लोंबणारे दोन माईक, मागे चादरींचा पडदा. अंगावर तिची अंजिरी इरकल. टेबलावर खोटा टेलिफोन होता. आत शिरल्याबरोबर तिने काय करावं? पदराच्या टोकाने त्या टेलिफोनवरची धूळ पुसली. कोणी सांगितलं नव्हतं. घरात शिरलं की ती तेच करायची. मंडपातल्या बायका तिथेच हसल्या, आणि त्या क्षणी ते घर खरं झालं.

दोन महिन्यांनी आई बाबांशी बोलत होती! कानेटकरांच्या शब्दांत, पण बोलत होती. बाबा आधी अडखळले, मग रंगले. आणि मग ते झालं. एका जागी नवराबायकोची जुंपते आणि दोघं गप्प होतात. पुढचं वाक्य आईचं. आई बोलेना. मला वाटलं, विसरली. पडद्याआडून काका पुटपुटत वाक्य देत होते, पहिल्या दोन रांगांना ऐकू येईल इतक्या मोठ्याने. आईने ऐकलं, मला ते दिसलं. तिने बाबांकडे पाहिलं आणि म्हणाली,

‘अहो, गॅसचा नंबर लावलात का?’

पडद्याआड पानं उलटल्याचा आवाज. नाटकात असलं वाक्य कुठेच नाही! पण त्या दिवसांत नव्या वस्तीत गॅस म्हणजे केवढी काळजी, सिलिंडर संपला की स्टोव्ह काढायचा, रॉकेलची रांग धरायची. बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग अगदी घरच्या आवाजात म्हणाले, ‘लावला. सोमवारीच लावला. आणि हे बघ, खोलीचं मी तुला विचारायला हवं होतं.’

मंडपात आधी हशा झाला, कारण गॅसचा नंबर सगळ्यांच्याच घरात अडलेला. मग हसू विरलं. दुसऱ्या वाक्याशी बहुतेकांचा काही संबंध नव्हता, तरी माणसं शांत झाली. आईने मान खाली घातली, खुर्चीवरचं कव्हर नीट केलं आणि जिथे नाटक सोडलं होतं तिथूनच पुढचं वाक्य बिनचूक म्हटलं. प्रयोग पार पडला. नंतर कितीतरी जणांनी काकांना विचारलं, तो गॅसचा प्रवेश पुस्तकात कोणत्या पानावर आहे?

श्रोतेहो, ही गोष्ट मी का सांगितली? आमच्या आईला ते वाक्य त्याच नाटकात सुचलं, म्हणून. गडकोटांच्या नाटकात ते बसलं नसतं. कानेटकरांनी घर असं उभं केलं होतं की त्यात आमचंही घर मावलं. पल्लेदार वाक्यं लिहिण्यात त्यांचा हात कोण धरणार? पण नवराबायकोचं प्रेम डब्यात, चहात, हरवलेल्या चष्म्यात असतं हे ओळखणारा कान त्यांना होता. पुन्हा सांगते, कान होता.

‘लेकुरे उदंड जाहली’ घ्या, 1966 सालचं. नाव समर्थांच्या दासबोधातलं, तिथे लेकुरं उदंड झाली तेव्हा लक्ष्मी निघून जाते. आणि कानेटकरांनी हे नाव दिलं कोणत्या नाटकाला? मूल नसलेल्या जोडप्याच्या! जितेंद्र अभिषेकींचं संगीत, श्रीकांत मोघ्यांचा तो उत्साह, बोलता बोलता गाणं आणि गाता गाता बोलणं. माणसं हसत बाहेर पडायची आणि मूल नसलेल्या शेजारणीशी दुसऱ्या दिवशी जरा जपून बोलायची. ‘सूर्याची पिल्ले’मध्ये मोठ्या बापाची मुलं आहेत, त्या मोठेपणाच्या सावलीत वाढलेली. सुनील बर्वे यांच्या संस्थेने काही वर्षांपूर्वी ते पुन्हा आणलं तेव्हाही लोक तितकेच हसले.

आणि आता ‘रायगडाला जेव्हा जाग येते’कडे पुन्हा बघा. काय आहे ते? बाप आणि मुलगा. एका घरातलं न बोललेलं बोलणं. ‘हिमालयाची सावली’ 1972 सालचं, महर्षी कर्व्यांच्या आयुष्यावरून सुचलेलं. त्यात डोंगराएवढ्या माणसाचं घर चालवणारी बयो आहे. म्हणजे किल्ला असो की आश्रम, कानेटकर शेवटी स्वयंपाकघराच्या दारापाशी येऊन उभे राहतात. घर, श्रोतेहो. पहिल्यापासून घर.

जाता जाता एक मनातलं बोलते. हल्ली गणपतीत आपल्या सोसायट्यांमधून नाटक गेलं आणि डीजे आला. ठाण्यात काय, नवी मुंबईत काय, तेच. अहो, नाटक बसवताना महिनाभर वीस माणसं रोज रात्री एकत्र येतात, एकमेकांच्या घरचा चहा पितात, तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना कोण डॉक्टरकडे नेणार हे तिथेच ठरतं. लिफ्टमध्ये मान हलवून हे होत नाही. यंदा एक अंक तरी बसवा. प्रॉम्प्टर मात्र मोठ्या आवाजाचा घेऊ नका.

1988 च्या ठाण्याच्या संमेलनाला आई गेली होती. वाशीहून बस बदलत, बाबांना बरोबर घेऊन. खूप मागे जागा मिळाली, अध्यक्षांचा चेहरा नीट दिसला नाही. मी विचारलं, भाषण कसं झालं? म्हणाली, ‘आवाज छान आहे. बाबांनी मधेच पाण्याची बाटली आणायला उठवलं, तेवढं हुकलं.’

‘मत्स्यगंधा’ हेही कानेटकरांचंच, 1964 सालचं. त्यातलं एक पद आई भांडी विसळताना गुणगुणायची, अबोल्यातही. शब्द बालकवींचे, चाल अभिषेकींची, गायलंय आशालता वाबगावकरांनी. ऐकू या, ‘गर्द सभोवती रान साजणी’.